बंपरची डावी बाजू

७ जून

कोलीन आज सकाळी आल्बुकर्कीला परत गेली. जाता जाता माझ्या गाडीकडे बघून म्हणाली, "बाबा, हिला राख फासलीय का?" पोरगी पंचेचाळिशीची झाली तरी जीभ आईचीच आहे.

पण खोटं नाही बोलली. गाडीचा चंदेरी रंग बारा वर्षांनीही शाबूत आहे. गेलंय ते काळं प्लास्टिक: बंपर, चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, आरशांच्या टोप्या. आमच्या आलामोगोर्डोच्या वाळवंटी उन्हानं सगळं खडूसारखं पांढुरकं केलंय. जुलैत कोलीनकडे जायचंय, तेव्हा गाडी नवीकोरी दिसायला हवी. स्वतःच करणार. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, एकदाही कुठे घासली नाही. गाडीची आब राखणं मला कुणी शिकवायला नको.

मागच्या आठवड्यात तण उपटताना गरगरलं होतं आणि दोन दिवस डोकं ठणकत होतं. आता उतरलंय. बायको, ट्विला, डॉक्टर डॉक्टर करत होती. ऊन लागलं, दुसरं काय.

९ जून

आज नुसती धुलाई. साबण, मग कडक ब्रश, मग कोपऱ्यांतल्या जुन्या मेणासाठी दात घासायचा ब्रश. प्लास्टिकमधून दुधासारखं पाणी निघत होतं. मला वाटलं होतं दोन बादल्यांत काम होईल, दुपार गेली.

काळा रंग परत आणणारी बाटली आणली आहे, पण तिच्यावरच्या सूचना कुणा अर्धवटानं लिहिल्यात. वाक्यांना शेंडा ना बुडखा. मी वाचलं, थेट उन्हात लावा. ट्विलानं बाटली हातातून घेतली.

"'नका लावू थेट उन्हात' लिहिलंय, मर्ल."

"कुठंय?"

"हे काय, ओळीच्या सुरुवातीलाच."

चष्मा बदलायला झाला बहुतेक.

११ जून

पहिला हात दिला. स्पंजवर चार थेंब, पातळ पसरायचं, लगेच जादा पुसायचं. जिथे हात फिरतो तिथे पांढुरका ढग निघून जातो आणि खालून ओला, खोल काळा वर येतो. अख्ख्या वर्षात इतकं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ट्विला गाडीभोवती फेरी मारून आली.

"मागचा बंपर अर्धाच का केलास?"

"पूर्ण केलाय."

"डावीकडचा राखेसारखाच आहे. आणि दारांच्या पट्ट्या बघ, प्रत्येकीचं डावं टोक सुटलंय."

"तिकडून ऊन लागतं. तिथलं प्लास्टिक जास्त मेलंय, रंग धरत नाही."

"चारही दारांना डावीकडूनच ऊन लागतं?"

ती गाडीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. मला ते आवडलं नाही.

१२ जून

पुन्हा हात दिला. ट्विला म्हणते, तसंच आहे. बाटली बदलून आणतो.

१४ जून

आता मात्र हद्द झाली. ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या पुढच्या कमानीवर, मी इतक्या चकाचक केलेल्या, हातभर पिवळा ओरखडा! ट्विलानं दाखवला. काल औषधांच्या दुकानाच्या पिवळ्या खांबांजवळच्या खिडकीवरून गाडीत बसूनच तिच्या गोळ्या आणल्या, तेवढीच काय ती गाडी बाहेर गेली. म्हणजे हे इथे, घरासमोर, रात्रीत कुणीतरी केलंय.

आणि कुणी ते मला माहीत आहे. शेजारच्या घरात हिवाळ्यात इबारा कुटुंब आलंय. एफ्राइन इबारा छपरं बांधतो. पहाटे अंधारात शिड्या, पत्रे, ढकलगाड्या काढतो. त्याची एक शिडी पिवळी आहे.

अल्कोहोलच्या फडक्यानं अर्धा तास घासून पिवळं काढलं. नंतर पुन्हा काळं केलं. माझ्या मेहनतीवर कुणी रेघोट्या मारत असेल तर मी गप्प बसणारा नाही.

१५ जून, रविवार

चर्चला जाताना नेहमीप्रमाणे आर्डिथ पूलला घ्यायला गेलो. तिचा नवरा गेल्यापासून चार वर्षं मीच तिला नेतो. आज रस्ताभर दाराची मूठ धरून बसली होती. वळणावर कुणा वेड्यानं जोरात हॉर्न मारला.

"मर्ल! तो ट्रक!"

"कुठला ट्रक?"

"अरे देवा, कुठला म्हणजे? नाकासमोरून गेला! मला अजून थोडं जगायचंय रे बाबा."

हल्ली ट्रकवाले कुठून येतात कळत नाही. आकाशातून पडल्यासारखे समोर उगवतात. आमच्या काळात लोक इशारा देऊन वळायचे.

१८ जून

ट्विलाला नवीन खोड लागलीय, मांजरासारखी पावलं न वाजवता येते. आज ओट्याजवळ एकदम कानाशी बोलली आणि माझ्या हातून कॉफीचा मग पडला.

"पाच मिनिटं इथेच उभी आहे मी," म्हणाली.

जेवताना दुसरं. एन्चिलाडा संपवून ताट सरकवलं, तर म्हणते, "अर्धं टाकलंस."

"ताट रिकामं आहे."

तिनं ताट फिरवलं. आणि खरंच, दोन एन्चिलाडा, वर हिरव्या मिरचीचा रस्सा तसाच. आधी तिथे नव्हतं. ती चेष्टा करतेय म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

संध्याकाळी इबारा दारात आला. टोपी हातात, तोंडी त्यांच्या स्पॅनिशमधलं आदराचं 'डॉन'.

"डॉन मर्ल, जरा बोलायचं होतं. कचऱ्याच्या डब्याबद्दल."

"मलाही तुमच्याशी बोलायचंय. शिडीबद्दल."

"शिडी?" तो गोंधळला. "माझा डबा काल पुन्हा आडवा झाला, फुटलाय. मी तेव्हा गच्चीवर होतो. बघितलं मी. तुम्ही निघालात आणि—"

"माझ्या गाडीला ओरखडे पडतात आणि डबा मी फोडला? वा!"

दार लावून घेतलं. ट्विला मागे उभी होती. म्हणाली, "त्याचं ऐकून तर घ्यायचंस." मग मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ फोनवर बोलत होती. मी गेलो तशी गप्प झाली. "कोलीन होती," म्हणाली. मायलेकींचं काहीतरी शिजतंय.

२० जून

नवीन बाटली. जास्त महागाची, जास्त दाट. दुकानातला म्हणाला, आधी प्लास्टिक गरम करा म्हणजे आतलं तेल वर येतं. गरम हवेची बंदूक उसनी आणली. काळं असं काही उमटलं की कडेला चिकटवलेली कागदी पट्टी अगदी जपून काढली.

ट्विलाला बोलावलं. बराच वेळ बंपरसमोर उभी राहिली.

"छान झालंय," म्हणाली, आणि आत जाऊन रडली. नळ सोडून रडत होती, पण ऐकू आलं. बायकांचं हे असं. एका बंपरवरून रडायचं काय कारण?

२२ जून, रविवार

आर्डिथनं फोन करून सांगितलं की इथून पुढे ती चर्चमधल्या फिंच कुटुंबाबरोबर येईल. "त्यांना वाटेवर पडतं." वाटेवर! गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. चार वर्षांची मैत्री अशी सोडायची?

चर्चमधून परत आलो तर इबारा आमच्या वाळूच्या अंगणात उभाच. या वेळी टोपी हातात नव्हती.

"डॉन मर्ल, मी भांडायला आलेलो नाही. डबा गेला खड्ड्यात. माझी बायको रोज सकाळी याच रस्त्यावर चालायला जाते. तुम्ही निघताना या बाजूला बघतच नाही."

"मी एकतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं नेली-आणली, मिस्टर इबारा. एकालाही खरचटलं नाही."

"माहीत आहे. सगळं गाव सांगतं. म्हणूनच सांगतोय, काहीतरी बिघडलंय. डॉक्टरकडे जा."

"शिड्या तुमच्या अंगणात ठेवा, तोंड तुमच्या घरात."

त्यानं मान हलवली आणि गेला. ट्विला त्याच्या मागोमाग गेली! कुंपणाजवळ त्याच्याशी बोलत होती. माझी बायको.

२५ जून

किल्ल्या नेहमीच्या खुंटीवर नव्हत्या. घरभर शोधल्या, शेवटी मक्याच्या पिठाच्या डब्यात सापडल्या.

"का?"

"आठ तारखेला डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. तोवर नको चालवूस. तेरा दिवसांचा प्रश्न आहे."

"माझे डोळे ठीक आहेत. दूरची डोंगरावरची झाडं मोजून दाखवू?"

"मर्ल, तुला मी दिसते का?"

कसला प्रश्न हा? मी तिच्याकडे बघतच होतो. म्हणजे आवाजाकडे. मग ती समोर आली, गाल ओले होते. मी किल्ल्या परत दिल्या, कारण तिला रडताना बघवत नाही. दुसरा जोड गॅरेजमध्ये खिळ्याला आहे ते तिला ठाऊक नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार, आणि आता ती माझ्यापासून वस्तू लपवते. मला घाबरते की काय? मी कधी आवाज चढवला तिच्यावर?

२६ जून

ड्रायव्हरच्या आरशाच्या टोपीला लाल विटेची भुकटी. ट्विला म्हणते, आपल्याच टपालपेटीचा खांब. मी म्हणतो, तो खांब तिथे वीस वर्षं आहे, आताच कसा घासला? भुकटी पुसली. टोपी परत काळी केली. आता रोज सकाळी उठलो की पहिलं काम गाडीला फेरी मारणं.

२९ जून, रविवार

ट्विला आज चर्चला येणार नव्हती, डोकं दुखतंय म्हणाली. मी कपडे घातले, गॅरेजमधल्या किल्ल्या घेतल्या आणि निघालो. देवाच्या घरी जायला कुणाची परवानगी लागत नाही.

गाडी रस्त्यावर काढून वळवताना धप्प झालं. त्याचा डबाच, दुसरं काय. मुद्दाम रस्त्यात ठेवतो. थांबलो असतो तर पुन्हा तेच बोलणं ऐकावं लागलं असतं. एसी जोरात होता, रेडिओवर भजनं चालू होती. सरळ गेलो.

प्रवचन चांगलं झालं. आर्डिथनं हात हलवला पण जवळ आली नाही.

परत आलो तर घर उघडं आणि ट्विला नाही. पर्स नाही, कॉफी अर्धी. इबाराचं दारही सताड उघडं, घरात कुणी नाही. त्याचा ट्रक तसाच उभा. कुठे गेले असतील सगळे? हॉटेलात जेवायला? माझ्याशिवाय?

जेवण उरकून गाडी बघायला गेलो. पुढच्या डाव्या कमानीची कड सुटून बाहेर आली होती. कडेत निळा दोरा अडकला होता, जाड, जीन्सच्या कापडाचा. माझ्याच एखाद्या फडक्याचा असणार, पुसताना राहिला. खाली प्लास्टिकवर तपकिरी काहीतरी वाळलं होतं. डांबर वाटलं, पण डांबरासारखं चिवट नव्हतं. कोमट पाण्यानं निघालं. कड दाबून बसवली, सगळं पुसलं, एक हात दिला. आता पुन्हा नव्यासारखी.

फोन स्वयंपाकघरातच राहिला होता. त्यावर ट्विलाचे किती फोन येऊन गेलेत, आता बघतोय. करतो तिला.

कुणीतरी दार वाजवतंय.

२ जुलै

मोठ्या हॉस्पिटलात आहे. कोलीननं वही आणून दिली. हात नीट चालत नाही, म्हणजे हात चालतो, मन चालत नाही.

जे झालं ते सरळ लिहितो.

दारात पोलीस होती. ग्लोरिया लुसेरो. लहानपणी माझ्याच बसमधून जायची, पुढच्या सीटवर बसून सगळ्यांची नावं सांगायची. आता कमरेला पिस्तूल. म्हणाली, "मिस्टर मर्ल, आज सकाळी गाडी घेऊन गेला होतात?"

"हो. चर्चला."

"निघताना काही लागलं?"

"इबाराचा डबा."

ती दारातून आत सरकली. मग तिचा आवाज दुसरीकडून आला. मी वळलो, कुणी नाही. "इकडे, मिस्टर मर्ल. इकडे." मी उजवीकडून पूर्ण फिरलो तेव्हा कुठे ती दिसली. माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिचा चेहरा बदलला होता. रागावलेली असती तर बरं झालं असतं.

"डबा नव्हता तो," ती म्हणाली. "एफ्राइन इबारा होते. ट्विलाबाईंनी खिडकीतून हाक मारली म्हणून तुम्हाला थांबवायला धावले. हात वर करून तुमच्या खिडकीपाशी आले होते."

नडगीची दोन्ही हाडं मोडली. ट्विला त्याच्या बायकोबरोबर हॉस्पिटलात होती.

ग्लोरियानं विचारलं, "गाडी कुणी पुसली?"

"मी," म्हणालो. "घाण लागली होती."

तिनं डोळे मिटले क्षणभर. मलाही तेव्हाच कळलं, मी काय पुसलं ते.

तिनं बेड्या घातल्या नाहीत. मला हॉस्पिटलात आणलं. इथल्या नर्सनं एक कागद ठेवला, त्यावर खूप रेघा. प्रत्येक रेघेवर फुली मारा, म्हणाली. मारल्या. एकही सोडली नाही, छातीठोकपणे सांगितलं. तिनं कागद उलटा फिरवला. आणि तिथे रेघांचं रान होतं, एकीलाही हात न लागलेलं.

डॉक्टर बाई म्हणाल्या, मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पोचलं नाही. महिना झाला असेल. "मे अखेरीस काही झालं होतं का? चक्कर, डोकेदुखी?"

ट्विलानं माझ्याकडे बघितलंही नाही.

"डोळे ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "पण डावीकडे जग आहे हेच मेंदू विसरलाय. आणि विसरलाय हेही त्याला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला अंधार दिसत नाही. काहीच कमी वाटत नाही."

काहीच कमी वाटत नाही. खरंय. आताही वाटत नाही. तेच सगळ्यात भयंकर आहे.

५ जुलै

घरी. लायसन्स मी स्वतःच ग्लोरियाच्या हातात दिलं. ऑगस्टमध्ये कोर्टात उभं राहायचंय, ते राहीन. पोलिसांनी गाडीचे फोटो काढून गाडी परत सोडली.

हॉस्पिटलात मान डावीकडे वळवायला शिकवलं. हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. आपोआप होत नाही, स्वतःला हुकूम सोडावा लागतो. गॅरेजमध्ये जाऊन मागच्या बंपरसमोर उभा राहिलो आणि हुकूम सोडला. मान वळवत गेलो. काळं, काळं, काळं, मग सरळ रेघ ओढल्यासारखी संपली आणि पुढे राख. महिनाभर एकदाही हात न लागलेली. तिथे कोळी जाळं विणून बसला होता.

तो इतके दिवस तिथे होता. बायकोही तिथेच होती, ताटातलं अन्न होतं, ट्रक होता, इबाराच्या बायकोचा रोजचा रस्ता होता. आणि मी ओरखडे पुसत बसलो होतो.

खाली बसलो. ट्विलानं उठवलं.

"तुला का नाही बोलता आलं मला सरळ?" मी विचारलं.

"रोज बोलत होते. तू आवाजाकडे बघायचास आणि हसायचास."

११ जुलै

आज एफ्राइनला भेटलो. त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला, पाय चालता करतात तिथे ठेवलंय. नडगीत लोखंडी सळया. पुढचं वर्षभर छपरावर चढायचं नाही.

मी त्याच्या खाटेजवळ असा बसलो, की तो माझ्या उजवीकडे राहील. ट्विला बाहेर थांबली.

"एफ्राइन," मी म्हणालो आणि पुढचं पाठ केलेलं सगळं विसरलो.

तो छताकडे बघत होता. "तीनदा आलो मी, डॉन मर्ल. तिसऱ्यांदा तर गाडीपर्यंत आलो."

"हो."

"सगळे म्हणतात, त्यांना दिसतच नव्हतं, राग धरू नकोस. बायकोसुद्धा म्हणते. दिसत नव्हतं ते मला समजतं. पण ऐकू तर येत होतं ना?"

खोटं एकही सुचलं नाही, बरं झालं.

"येत होतं," मी म्हणालो.

मग त्यानं पेल्याकडे हात केला, पोचेना, मी उचलून दिला. त्यानं पाणी घेतलं. माफ केलं असं म्हणाला नाही. "परत या" असंही नाही. मी निघालो तेव्हा एवढंच म्हणाला, "दाराच्या डाव्या बाजूला चाकांची खुर्ची आहे. आदळाल." मी मान पूर्ण वळवली. होती.

गाडी ट्विलानं आणली होती. तिनं नऊ वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी तिच्या शेजारच्या सीटवर. ती माझ्या डावीकडे, म्हणजे माझ्यासाठी फक्त आवाज आणि हाताचा वास. सारखा माझा पाय ब्रेक शोधत गाडीच्या फरशीवर दाबला जात होता.

बाहेर पडताना व्हाइट सँड्स बुलेवार्डच्या मोठ्या रस्त्यावर वळायचं होतं. दुपारची गर्दी, वाळूसारखा पांढरा उजेड. गाडी थांबवून ती बसून राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता. मागच्यानं हॉर्न वाजवला.

"मर्ल, डावीकडचं मी बघते. उजवीकडून काही येतंय का, तू सांग."

मी बघितलं. उजवीकडे रस्ता रिकामा दिसला. "काही नाही," असं तोंडात आलं होतं. गिळलं. पुन्हा एकदा बघितलं, पार लांब, उड्डाणपुलापर्यंत.

"थांब," मी म्हणालो. "एक सायकलवाला येतोय. त्याला जाऊ दे."

तो येईपर्यंत आम्ही थांबलो. मागचा हॉर्न वाजवत राहिला.

"आता?" ट्विलानं विचारलं.

"आता."